एकवीस दिवसांची चकती

जयसिंगपुरात हातानं पुस्तकं शिवणारा मी आता एकटाच उरलोय. सुकुमार मगदूम, वय एकसष्ट. दोन हजार एक्केचाळीस साल उजाडलं तरी शाळांची रजिस्टरं, कुणाच्या आजोबांच्या वह्या आणि मंदिरातले ग्रंथ शिवायला माणूसच लागतो, त्यामुळे माझं बरं चाललंय. दुसरी गोष्ट म्हणजे माझ्या पोटावर, बेंबीच्या उजवीकडे, एक छोटं लाल तोंड आहे. दोन्ही सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं सगळं रामायण या दोघांच्या भांडणातून झालं.

मोठ्या आतड्याला वर्षानुवर्षं सूज होती. औषधांनी हात टेकले, तेव्हा गेल्या ऑक्टोबरात मिरजेच्या डॉक्टरांनी ते आतडं काढून टाकलं आणि लहान आतड्याचं टोक पोटातून बाहेर आणून कातडीला शिवलं. त्याला स्टोमा म्हणतात. शिवण चांगली होती, हे मी धंद्यातला माणूस म्हणून सांगतो.

"ग्रीक भाषेत स्टोमा म्हणजे तोंड, मगदूम," तिथल्या सिस्टर मार्था सातपुते मला म्हणाल्या. स्टोमाच्या पेशंटांना शिकवणं हे त्यांचं काम. "या तोंडाला चव नाही, लाज नाही आणि वेळकाळ तर मुळीच नाही. तेव्हा शहाणपण तुम्हालाच दाखवायला लागणार."

मी शिकलो. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, तुडुंब होईपर्यंत वाट बघायची नाही. शेंगदाणे चावून चावून खायचे. धोतराची गाठ चार बोटं वर बांधायची. शिकंज्यात पुस्तक दाबताना पोट टेकवायचं नाही, डावा खांदा लावायचा. अष्टमी-चतुर्दशीचे उपास मात्र सिस्टरांनी पार मोडीत काढले. "मोठं आतडं पाणी राखून ठेवतं. तुम्हाला ते नाही. उपास केलात तर सलाईन लावायला मीच येईन आणि चार शब्दही ऐकवीन." सूर्यास्ताआधी जेवायचं एवढं मी टिकवलं. पहिले दोन महिने आरशात बघवत नव्हतं. तिसऱ्या महिन्यात त्या तोंडाशी बोलायलाही लागलो, म्हणजे शिव्याच द्यायचो, पण प्रेमानं.

या सगळ्यात खरी महत्त्वाची असते ती चकती. पिशवी काय, नुसती पिशवी. चकती म्हणजे मधे भोक असलेलं चिकट, लवचिक वर्तुळ. ते कातडीला घट्ट बसतं आणि त्यावर पिशवी अडकते. लहान आतड्यातून येतो तो पातळ, पाचक रस. तो अन्न पचवतो तशी कातडीही पचवायला बघतो. चकतीनं कातडीला धरायचं, घाम शोषायचा आणि रसाला कडेखालून घुसू द्यायचं नाही. ही तिन्ही कामं एका गोंदाकडून करून घ्यायची म्हणजे खायचं काम नाही. चाळीस वर्षं गोंदात हात घातलेल्या माणसाला त्याचं कौतुक वाटणारच.

चकत्या माझी मुलगी आर्जवी बघायची. वय अठ्ठावीस. पुण्यातल्या कंपनीचं काम ती आमच्या माळ्यावरच्या खोलीतून करते. तिची आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. ही बाई विगन. दूध नाही, तूप नाही, मध नाही, रेशीम नाही, चामड्याची चप्पल नाही. या शब्दाला मराठीत प्रतिशब्द नाही असं ती म्हणते. मी म्हणतो, आहे, हट्टी. आम्ही जैन, मांसाहार आमच्या सात पिढ्यांत नाही, पण दुधावाचून आमचं पान हलत नाही. मंदिरात मूर्तीला दुधाचा अभिषेक होतो, म्हणून कॉलेजपासून ती मंदिराची पायरी चढलेली नव्हती. तर ही आर्जवी दर महिन्याला चकत्या मागवायची, माझ्या मापाचं भोक कापून ठेवायची आणि स्टीलच्या डब्यात रचून मला द्यायची. वेष्टन नाही, कागद नाही. मला वाटायचं, पोरगी टापटिपीची आहे.

आता सरसाबद्दल सांगायला हवं. सरस म्हणजे जनावरांची कातडी नि हाडं उकळून काढलेला गोंद. सुतार वापरायचे, बाइंडरही वापरायचे. धरला की सोडत नाही. माझ्या वडिलांनी तो दुकानाच्या उंबऱ्याआत येऊ दिला नाही. मंदिराचे ग्रंथ आम्ही बांधतो, त्यांना मेलेल्या जनावराचा हात लावायचा नाही. आमच्याकडे रोज सकाळी ताजी खळ शिजते, मैद्याची, चिमूटभर मोरचूद घालून, म्हणजे कीड मुळात येतच नाही. कागद दुमडायला दुसरे बाइंडर हाडाची पट्टी वापरतात, आम्ही बांबूची. तेव्हा 'सरस' हा शब्द दिसला की माझ्या डोळ्यांपुढे तो तपकिरी गोंदच येतो. दुसरा अर्थ मला माहीत आहे, पण तो मला उशिरा आठवतो.

एप्रिलमध्ये आर्जवी दोन दिवसांसाठी पुण्याला गेली होती. चकत्यांचं खोकं नेमकं त्या दिवशी ड्रोननं गच्चीवर टाकलं. मी फोडलं. आत मराठीत छापलेला चकचकीत कागद: 'आता नव्या रूपात! पकड पूर्वीपेक्षा अधिक सरस.'

मी तिला फोन लावला. "आर्जवी, या चकतीत सरस आहे का गं?"

पलीकडे आधी दार लावल्याचा आवाज आला.

"पप्पा, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"खोक्यातल्या कागदावर छापलंय की. पूर्वीपेक्षा जास्त घातलाय म्हणे."

"डुकराचा असतो," ती हळूच म्हणाली. "जिलेटिन म्हणतात. जवळजवळ पहिल्यापासून आहे, पप्पा. दुसरं काही टिकतच नव्हतं."

मी फोन ठेवून दिला. आर्जव म्हणजे सरळपणा. हे नाव मी निवडलं होतं, त्याचा तेव्हा मला भयंकर राग आला.

संध्याकाळी आमच्या मंदिराचे धरणेंद्र उपाध्ये दुकानात आले. पूजाअर्चा तेच बघतात. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, पण शास्त्र तोंडपाठ. मी कागद त्यांच्यापुढे टाकला. त्यांनी दोनदा वाचला.

"आण्णा, हितं सरस म्हंजे झ्याक, चांगली! पकड चांगली हाय म्हणत्यात. गोंदाचं नाव बी नाही ह्यात."

म्हणजे कागदावर काहीच नव्हतं. मी चुकीचं वाचलं आणि तिनं खरं सांगितलं. मला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. सहा महिने मी ते पोटावर घेऊन ग्रंथ शिवत होतो.

त्याच दिवशी मी चकती काढून टाकली आणि दुसरी मिळेपर्यंत पोटाला जुन्या धोतराच्या घड्या बांधून निभावलं. आर्जवी परत आली तेव्हा मी तिच्याशी बोललो नाही. अकरा दिवस बोललो नाही. ताट वाढायचो, औषधाची वेळ तिनं सांगितली की मान डोलवायचो. तिनंही पुन्हा बाजू मांडली नाही. तिनं फक्त वनस्पतींपासून केलेल्या तीन तऱ्हेच्या चकत्या मागवल्या आणि या वेळी खोक्यासकट, कागदासकट माझ्या टेबलावर ठेवल्या. त्यातल्या दोन ऑपरेशननंतरच्या पहिल्या महिन्यात लावून झाल्या होत्या, असं एका चिठ्ठीत लिहिलं होतं. तेव्हा कातडी सोलली होती, ते मला आठवत होतं. कारण माहीत नव्हतं.

सगळ्यात बरी निघाली ती कांडोळाच्या झाडाच्या डिंकाची. दुसऱ्यांना ती उत्तम चालते, सिस्टर मार्थांचे काही पेशंट तीच वापरतात. पण माझ्या पोटाला वळी आहे, रस पातळ आहे आणि मे महिन्यात जयसिंगपूर म्हणजे भट्टी. सकाळी लावलेली चकती दुपारी वितळायची. एकदा दुकानात शब्दकोश शिवत असताना कडेनं गळलं आणि पन्नास-साठ पानं खराब झाली. शब्दकोश बाजारात मिळतो, मी नवा आणून दिला. पण त्या जागी ग्रंथ असता तर?

कारण श्रुतपंचमी जवळ येत होती. ज्येष्ठातली पंचमी, आमच्याकडे त्या दिवशी शास्त्रांची पूजा होते. मंदिराच्या कपाटातले दीडशे ग्रंथ बाहेर काढायचे, उन्हात न नेता वारा द्यायचा, सुटलेली शिवण पुन्हा घालायची आणि नव्या कापडात बांधून ठेवायचे. काही हस्तलिखितं तीनशे वर्षांची. तीस वर्षं हे काम माझं आहे, त्याआधी वडिलांचं होतं. वर्षभर जगतो ते या दिवसासाठी, असं म्हटलं तर कुणाला खोटं वाटेल, पण ते तसंच आहे. ते सुटलं असतं तर मी नुसता रजिस्टरं शिवणारा म्हातारा उरलो असतो.

मी उपाध्यांना सांगितलं, "या वर्षी दुसरा माणूस बघा."

"पिशवीमुळं म्हणतासा?" त्यांनी विचारलं. "आण्णा, मळ माझ्या बी पोटात हाय. तुमचा दिसतोय, माझा दिसत नाही, एवढाच फरक. धुतलेलं धोतर नेसा आणि या."

"पिशवीचं नाही. डुकराचा सरस लावून मी बसणार नाही. आणि डिंकाची चकती लावून बसायची छाती नाही."

ते मान हलवून निघून गेले. दुसरा माणूस मात्र त्यांनी शोधला नाही, हे मला नंतर कळलं.

मग सिस्टर मार्थांचा फोन आला. नव्या चकतीची चाचणी मिरजेत सुरू होती आणि आर्जवीनं माझं नाव दिलं होतं. आम्ही दोघं गेलो. वाटेत ती म्हणाली, "या वेळी एक शब्दही लपवणार नाही, पप्पा. सगळं ऐका, मग ठरवा." आणि तिनं सगळं सांगितलं.

ही चकती जिवंत होती. आपल्या कातडीवर कोट्यवधी निरुपद्रवी जंतू राहतात. कापसाच्या बोळ्यानं माझ्या पोटावरचे थोडे उचलायचे, प्रयोगशाळेत त्यांच्या जनुकांत बदल करायचा आणि शेवाळाच्या तंतूंच्या जाळीत त्यांना वाढवायचं. घामातल्या क्षारांवर आणि चकतीच्या कडेला भरलेल्या खाद्यावर ते जगतात आणि सतत ताजा गोंद तयार करतात. कडेखालून रस शिरला की तिथले जंतू ओलाव्यानं जागे होतात, गोंद फुगवून फट बुजवतात आणि रसातली पाचक द्रव्यं निकामी करणारं एक प्रथिनही सोडतात. थोडक्यात, चकती स्वतःची डागडुजी स्वतः करते. जनावराचा कणभरही अंश नाही. तीन-चार दिवसांऐवजी एकवीस दिवस टिकते.

"आणि एकवीस दिवसांनी?" मी विचारलं.

"जंतूंच्या पिढ्या पुढे जातात तसे त्यांचे गुण बदलायला लागतात," सिस्टर म्हणाल्या. "त्यामुळे बाविसावा दिवस नाही. चकती काढायची आणि या निळ्या द्रवात बुडवायची. दोन मिनिटांत सगळे संपतात. असे बदललेले जंतू मोकळे सोडायला सरकारची परवानगी नाही."

"म्हणजे मी त्यांना वाढवायचं आणि मीच मारायचं."

"मगदूम, तुम्ही रोज आंघोळ करता तेव्हा काय करता?"

"आंघोळीला मी मारायला जात नाही, सिस्टर."

त्यांनी निळ्या द्रवाच्या बाटलीचं झाकण घट्ट केलं. आर्जवीनं माझ्याकडे असं बघितलं की तिला माझं म्हणणं पटलंय हे मला कळलं. विगन लोकांच्या जगात तर या चकतीवरून जल्लोष चालला होता. 'एकाही प्राण्याला इजा नाही' असं जाहिरातीत छापलं होतं. आमच्या समाजाच्या ग्रुपवर उलटंच, कुणी म्हणे हे जीव पाळून मारणं आहे, कुणी म्हणे डुकरापेक्षा बरं. शास्त्र लिहिणाऱ्यांना असा प्रश्न पडला नव्हता, त्यामुळे जो तो आपल्या सोयीचं वाचत होता.

उपाध्ये म्हणाले, "आण्णा, गृहस्थाला सगळी हिंसा टाळता येत नाही. कमी करता येती. डोळं उघडं ठेवून जेवढी कमी हुईल तेवढी करायची. डोळं झाकून केली तर ती मोजायला बी येत नाही."

मी दोन दिवस घेतले आणि हो म्हणालो. चकती मेमध्ये, पंचमीच्या बरोबर वीस दिवस आधी बसवली.

ते वीस दिवस कसे गेले म्हणून सांगू! पोटावर चकती आहे हे मी विसरायला लागलो. सातव्या दिवशी एकदा कडेखाली ओल जाणवली. मी धावत मोरीत गेलो, तर तोवर फट बुजून कोरडी झालेली. लालसर कातडी नीट झाली. पूर्वी मी दर तासाला पोटावर हात फिरवायचो, ती सवय सुटली. आर्जवीशी बोलायला लागलो, आधी कामापुरतं, मग नेहमीसारखं भांडायलाही. तिच्या ओटच्या दुधाचा चहासुद्धा प्यायलो. वाईट होता, तसं तिला सांगितलंही.

श्रुतपंचमी उजाडली ती चकतीचा एकविसावा दिवस घेऊन. सकाळी सात वाजता, पोट रिकामं असताना, बदलायला बसायचं होतं. मी मोरीत गेलो तर आर्जवी आधीच तिथं होती. स्टूल मांडलेलं, नवी चकती कापून तयार, काचेच्या वाडग्यात निळा द्रव.

"बसा," ती म्हणाली. "आणि डोळे मिटा. मी काढते, मीच बुडवते. तुम्ही ग्रंथांचा विचार करा."

"मी करवून घेतलं तरी पाप माझंच होतं गं."

"तुम्ही करवून घेतच नाही. मी तुम्हाला विचारलेलं नाही. तुम्ही हो म्हणू नका, मानही हलवू नका. तुम्ही केलं नाही, करवलं नाही, त्याला होकार दिला नाही. मग तुमच्याकडे काय येतं? काहीच नाही."

करणं, करवणं आणि होकार देणं, तिन्ही सारखंच, हे तिला पाठशाळेत मीच शिकवलं होतं. सात वर्षांची होती तेव्हा. मी तिच्याकडे बघत राहिलो आणि एकदम तोंडात मारल्यासारखं झालं.

"आर्जवी, ते डुकराचं तू याचसाठी सांगितलं नव्हतंस?"

तिनं हातमोजे घालायला सुरुवात केली.

"मला वाटलं, मी रागवेन म्हणून लपवलंस."

"रागवायला तुम्ही कधीही रागावता," ती म्हणाली. "सांगितलं असतं तर तुम्ही दोनच गोष्टी केल्या असत्यात. चकती लावली नसतीत, नाहीतर लावून रोज झुरला असतात. माहीत नसलं की तुमचा काही दोष नाही. म्हणून मी माझ्याकडे घेतलं. मी तर हे काही मानतच नाही ना, मला काय फरक पडतो."

"पडला नाही?"

तिचा हातमोजा अर्धाच चढला होता. तिनं तो ओढला आणि तो फाटला.

"पप्पा, मी चप्पलसुद्धा कापडाची घालते. आणि दर महिन्याला ते खोकं उघडून, ती चकती हातात धरून, कात्रीनं गोल कापायची. कापून झालं की साबणानं हात धुवायची. किती वेळ धुवायची. काय धुतेय तेच कळायचं नाही. सांगणार कुणाला? सहा महिने मी एकटीच होते त्याच्याबरोबर."

मी तिच्यावर अकरा दिवस रागावलो होतो आणि माझ्या वाट्याचं ती सहा महिने एकटी वाहत होती. मी तिला जवळ घेतलं. बारावीच्या निकालानंतर पहिल्यांदा.

मग मी म्हणालो, "मोजे काढ. तो वाडगा इकडे सरकव."

"पप्पा, नको. आज पंचमी आहे."

"म्हणूनच. पोट माझं, चकती माझी, त्यातले जीवसुद्धा माझ्याच कातडीवरचे. हे मी करणार आणि डोळे उघडे ठेवून करणार. तुझ्यावर ढकलून मी पवित्र होऊन ग्रंथाला हात लावायचा, हे मला जमणार नाही."

मी कड सोडवली. एकवीस दिवस धरलेली चकती सहज सुटत नव्हती, तेल लावून हळूहळू काढावी लागली. ती दुधाळ, किंचित उबदार होती. मी मनातल्या मनात तिची क्षमा मागितली आणि ती निळ्या द्रवात सोडली. कडा करड्या झाल्या, मग सगळी करडी झाली. दोन मिनिटं मी बघत उभा होतो. आर्जवी शेजारी उभी होती. तिनं मान फिरवली नाही.

नवी चकती बसवली आणि नऊ वाजता मी धुतलेलं धोतर नेसून मंदिरात बसलो. उपाध्यांनी पहिला ग्रंथ माझ्यापुढे ठेवला. जुनं कापड सोडलं, पानं मोकळी केली, शिवण तपासली. दुपारपर्यंत बावीस ग्रंथ झाले, चकती जागची हलली नाही. मधे एकदा मान वर केली तर आर्जवी समोर बसून नव्या कापडाच्या घड्या घालत होती. अभिषेक कधीच आटोपला होता. उपाध्यांनी पंख्याची दिशा तिच्याकडे फिरवली.

पुढची चकती ज्येष्ठ संपता संपता बदलायची आहे. ती मीच बदलणार. आर्जवीला मी एवढंच सांगितलंय, की बाहेर थांबायचं नाही, आत येऊन माझ्या शेजारी उभं राहायचं. ती बरं म्हणालीय.